अडुसष्ट एकरांचा नवरा

बारामती-इंदापूर पट्ट्यात पोरगी द्यायची म्हटली की चौकशीला निघालेली माणसं काय काय बघतात, हे ठरून गेलेलं आहे. जमीन किती, त्यातली बागायत किती, पाणी नीरा डाव्या कालव्याचं की उजनीच्या फुगवट्यावरून उचललेलं. ऊस माळेगावला जातो, सोमेश्वरला जातो की भवानीनगरच्या छत्रपतीला. भावकीत कोर्टकचेरी आहे का. पोरीचा मामा शेजारच्या गावातल्या टपरीवर दीड तास बसून मुलाच्या तीन पिढ्यांचं ऑडिट करून येतो. आणि हाच मामा 'मुलगा फॉरेनला असतो' एवढे शब्द कानावर पडले की पेन खिशाला अडकवून मोकळा होतो.

फॉरेन म्हणजे कुठे? लंडनला. लंडनात की लंडनपासून दीडशे मैलांवर, ते कोणी विचारत नाही. काय करतो? मोठ्या कंपनीत आहे. कुठल्या व्हिसावर आहे? हा प्रश्न विचारला की बैठकीतली मंडळी असं बघतात, जणू पाव्हण्याने मुलाची दारू काढली. 'व्हिसा आहेच की हो, त्याशिवाय तिकडं राहील का पोरगं?'

छत्तीस गुण जुळवायचे, नाडी तपासायची, मंगळ बघायचा. तिकडच्या सरकारच्या लेखी मात्र नवऱ्याला जात एकच, व्हिसाची. आयुष्यात पहिल्यांदा जात विचारणं खरोखर उपयोगाचं होतं, आणि नेमकी तीच आपण विचारली नाही.

विलायतेत साधं एम.एस्सी. करायला गेलेला मुलगा बायकोला सोबत नेऊ शकत नाही. १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांना ती सवलत राहिलेली नाही. पीएचडीसारखं संशोधन करणाऱ्यांना, सरकारी शिष्यवृत्तीवाल्यांना ती उरली. म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करण्याच्या कामावर ११ मार्च २०२४ पासून नव्याने जाणाऱ्यांना कुटुंब आणायला मनाई. जुलै २०२५ पासून पदवीखालच्या दर्जाच्या कामांवर नव्याने जाणाऱ्यांच्याही बायका-पोरांना दार बंद. म्हणजे तुमच्या जावयाची तारीख मार्चच्या दहाची की बाराची, यावर लेकीचा संसार लंडनला होणार की लासुर्ण्याला, हे ठरतं. लग्नाचा मुहूर्त मिनिटावर काढणाऱ्या समाजाला ही तारीख मात्र कोणी काढून देत नाही.

दुबईचं गणित सोपं आहे. पगार चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि वर राहायची जागा. तेवढं असेल तर बायको आणा, नसेल तर एकटे राहा. आयटीआय करून गेलेल्या वेल्डरलाही ते एका वाक्यात कळतं. जर्मनी पगारासोबत भाषा विचारते. नवरा ब्ल्यू कार्डवर नसेल तर सहसा बायकोला जर्मनची ए-वन परीक्षा द्यावी लागते, म्हणजे हळद निघायच्या आत 'देअर, डी, दास'. पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनाची फी हाही लग्नखर्चच, पण बस्त्याच्या यादीत तो धरलेला मी तरी कुठे पाहिला नाही.

अमेरिकेत एच-वन-बीवर असलेल्या मुलाच्या बायकोला एच-फोर मिळतो. तो मिळाला की सगळे पेढे वाटतात. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, हे पेढे संपल्यावर कळतं. मे २०१५ पासून काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला, पण त्यासाठी नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका टप्प्याच्या पुढे सरकलेलं हवं. विद्या प्रतिष्ठानच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेली, हिंजवडीत चार-पाच वर्षं टिकून महिन्याला घसघशीत पगार घेणारी पोरगी विमानात बसते आणि उतरताना तिचा पगार शून्य झालेला असतो. व्हिसाची फी, तिकिटं, सामानाच्या बॅगा असा सगळा हिशेब लोक वहीत मांडतात. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा खर्च म्हणजे तिचा बुडालेला पगार. तो कुठल्याच वहीत नसतो, कारण तो तिच्या खात्यातून वजा होतो. नवऱ्याकडचे उलट सांगतात, 'तिला कुठं काम करायची गरज आहे?' गरज नाही आणि परवानगी नाही यातला फरक तिला पहिल्या हिवाळ्यात समजतो.

आता जरा वरच्या थराकडे येऊ. मुलगा ब्रिटनचा नागरिक झालाय किंवा त्याला तिथे कायम राहण्याचा परवाना मिळालाय. बायोडेटात हे ठळक अक्षरात असतं आणि त्यापुढे मामा, काका, आत्या सगळे गप्प होतात. इथेही ब्रिटिश सरकार जावयाला एक साधा प्रश्न विचारतं: वर्षाला २९,००० पौंड कमावतोस का? २०१२ साली हा नियम आला तेव्हा आकडा १८,६०० होता. ११ एप्रिल २०२४ ला तो २९,००० झाला. नोकरदाराला सहा महिन्यांच्या पगारपावत्या आणि त्याच पगाराच्या नोंदी असलेली बँकेची पानं दाखवावी लागतात. पोरगी इथे किती कमावते, याला किंमत नाही. सासऱ्याचा शब्द, काकांची हमी, चुलते कारखान्याचे संचालक आहेत ही माहिती, यांतलं काहीही चालत नाही.

पगार अजिबातच नसेल तर? तर रोख शिल्लक दाखवा: ८८,५०० पौंड, आणि तीही सलग सहा महिने खात्यात पडून असलेली. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. तिथल्या नियमातच सूत्र आहे: सोळा हजार, अधिक कमी पडणाऱ्या उत्पन्नाची अडीचपट.

पौंड ११५ रुपयांचा धरला तरी हे एक कोटी पावणेदोन लाख होतात. आपल्याकडे कोटी ऐकल्यावर कळत नाही, टनात सांगितलं की कळतं. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये, तीही सव्वादहा टक्के उताऱ्याला. तोडणी-वाहतूक कापून हातात टनाला तीन हजार पडले असं उदार मनाने धरू. एक कोटी पावणेदोन लाखांना जवळपास ३,४०० टन ऊस लागतो. एकरी पन्नास टनांचा उतारा धरला (खोडव्याला धरून बघा म्हणजे झोप उडेल), तर ६८ एकर. तेही खत, बेणं, वीजबिल, पाणीपट्टी, मजुरी काहीच नाही आणि घरात वर्षभर कोणी जेवलं नाही, असं गृहीत धरून.

आता बारमाही बागायतीला महाराष्ट्राच्या कमाल जमीन धारणा कायद्याने घातलेली मर्यादा १८ एकर आहे. म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला पटेल असा बिनपगारी नवरा बारामती तालुक्यात कायदेशीरपणे उभाच राहू शकत नाही. त्याची पन्नास एकरं सरकारजमा होतील आणि उरलेल्या अठरावर त्याला बायको मिळेल, व्हिसा मिळणार नाही.

बरं, पैसे आहेत असं मानू. ते कोणत्या रूपात आहेत? बागायतदाराच्या पासबुकाची पानं ज्याने पाहिलीत त्याला सांगायला नको. चार महिने खात्यात वाळवंट. मग पहिल्या उचलीची रक्कम येते, ती येण्याआधीच सोसायटीचं पीककर्ज कापलेलं असतं. मग दोन दिवसांत खतवाला, ट्रॅक्टरचा हप्ता, आत्याच्या मुलाला दिलेले हातउसने. मग पुन्हा वाळवंट. दिवाळीला कारखान्याने काही दिलं तर हिरवळ. कालव्याचं आवर्तन सुटावं तसे पैसे येतात आणि तसेच पुढच्या गावाला निघून जातात. तिकडचा अधिकारी बघतो की या सहा महिन्यांत शिल्लक एका दिवशीही ठरलेल्या रेषेखाली गेली का. आपल्याकडे ती सहा महिन्यांत एका दिवशी रेषेच्या वर आली तर गावात बातमी होते.

त्यावर आपला रामबाण उपाय ठरलेला: फिरवाफिरवी. तात्यांचे दहा, अण्णांचे पंधरा, सोनं तारण ठेवून आठ, आणि एका दिवसात खात्यावर ढीग. 'दाखवायचेच आहेत, कुठं खर्चायचेत?' हे वाक्य मी या पट्ट्यात लग्न, शाळाप्रवेश आणि बँकेचं कर्ज अशा तिन्ही निमित्तांनी ऐकलेलं आहे. तिथला नियम सांगतो की ही रक्कम कर्जाऊ नको. सासऱ्याने बक्षीस दिली तर चालेल, पण खरंच दिलेली हवी, परत मागायची नाही, आणि देऊन सहा महिने झालेले हवेत. परत न मागता पैसे देणं, ही अट बक्षीसपत्रापुरती ठीक आहे. प्रत्यक्षात असा सोयरा मला कोणी दाखवावा. शहरात काही एजंट ठरावीक टक्के घेऊन महिनाभर रक्कम 'पार्क' करून देतात, सोबत कागदही 'तयार' करून देतात. तो कागद खोटा निघाला तर ब्रिटनचं दार दहा वर्षांपर्यंत बंद होऊ शकतं. एजंटाचं दार मात्र दुसऱ्या दिवशी दहाला उघडतं.

नुसत्या फीचंही ऐकून ठेवा. बायकोच्या व्हिसाची फी एप्रिल २०२५ मध्ये १,९३८ पौंड झाली. वर आरोग्य अधिभार, वर्षाला १,०३५ पौंड, पहिल्या व्हिसासाठी तीन वर्षांचे एकदम ३,१०५. दोन्ही मिळून पावणेसहा लाखांच्या वर. क्षयरोगाची तपासणी, इंग्रजीची परीक्षा, पुण्याच्या खेपा वेगळ्या. अर्ज फेटाळला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही. आणि पावणेतीन वर्षांच्या आत हा सगळा खेळ पुन्हा, कारण तो व्हिसा ३३ महिन्यांचाच असतो. आडसाली उसालाही दीड वर्षात तोड मिळते. इथे पाच वर्षं काढल्यावर कायम राहण्याचा अर्ज करता येतो, त्याची फी आणखी निराळी.

अमेरिकेची रीत निराळी आहे. ती जमिनीला किंमत देते, म्हणून आपल्या माणसाला आधी बरं वाटतं. तिथल्या नागरिकाने किंवा ग्रीन कार्डवाल्याने बायकोला बोलवायचं तर आय-८६४ नावाचं प्रतिज्ञापत्र भरायचं. दोन माणसांच्या घराला दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न हवं. २०२५ च्या आकड्यांनी ते २६,४३७ डॉलर होतं. उत्पन्न कमी पडलं तर मालमत्ता दाखवा: नागरिकाच्या बायकोसाठी तुटीच्या तिप्पट, ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोसाठी पाचपट. मालमत्ता भारतातली असली तरी विचार होतो, फक्त ती वर्षभरात विकून रोख करता आली पाहिजे आणि पैसा देशाबाहेर नेता आला पाहिजे.

झालं. सातबारा काढा. कब्जेदार सदरी आजोबांचं नाव अजून तसंच, वारसनोंद तलाठ्याकडे पडून. तीन चुलते, पैकी एक बोलत नाही. दोन आत्यांचं हक्कसोड व्हायचंय, पैकी धाकटी म्हणते 'बघू'. इतर हक्कात सोसायटीचा बोजा. विकायची तर घेणाराही शेतकरीच लागतो, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. आणि हे सगळं वर्षभरात. अमेरिकन वकिलातीतल्या माणसाला 'सामाईक क्षेत्र' ही कल्पना समजावून सांगायला गेलेला मुलगा ग्रीन कार्डाऐवजी फेरफार घेऊन परत येईल.

'पोराच्या नावावर अजून दोन एकर घेणारच आहोत' असं बैठकीत सांगणारे मुलाचे वडीलही भेटतात. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाला इथली शेतजमीन वारशाने मिळू शकते, स्वतःच्या नावावर विकत घेता येत नाही. परकीय चलनाचा कायदा आडवा येतो. पण ते वाक्य ऐकून मुलीकडचे मान डोलावतात. कायदा कोणालाच माहीत नसल्याने बोलणी खेळीमेळीत पार पडतात.

हे 'सरकारावर भार पडू नये' प्रकरण आजचं नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघून न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा हल्लीसारखा व्हिसा नव्हता. पण आदल्याच वर्षी, ऑगस्ट १८८२ मध्ये, अमेरिकेने कायदा करून ठेवला होता: परदेशी उतारूमागे ५० सेंट कर, आणि जो स्वतःचं पोट भरू न शकता सरकारच्या गळ्यात पडेल त्याला उतरू द्यायचं नाही. आनंदीबाई पुढे गेल्या, पती गोपाळराव मागून गेले, आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाईंना डॉक्टरीची पदवी मिळाली तेव्हा ते तिथे हजर होते. मराठी मुलखातलं सर्वांत गाजलेलं 'मागून गेलेल्या जोडीदारा'चं उदाहरण नवऱ्याचं आहे, ही गोष्ट आपण शाळेत शिकवताना सफाईने वगळतो. आजही बायकोच्या व्हिसावर जायची वेळ आली की या पट्ट्यातल्या पोराचं तोंड बघण्यासारखं होतं. 'लोक काय म्हणतील' या व्हिसाची फी सर्वांत जास्त.

तर त्या १८८२ च्या अटीला १९९६ च्या कायद्याने दात बसवले. आय-८६४ हा करार आहे, कोर्टात वसूल करता येणारा. बायकोला नागरिकत्व मिळेपर्यंत, किंवा तिच्या नावे कामाच्या चाळीस तिमाह्या जमेपर्यंत, नवऱ्याने तिला त्या रेषेच्या वर ठेवायचं. त्यातलं खरं कलम पुढे आहे: घटस्फोट झाला तरी जबाबदारी संपत नाही. सप्तपदीत सात वचनं देऊन पोटगीसाठी तारखांवर तारखा घेणाऱ्या पुरुषाने हे कलम वाचलं तर तो होमाभोवती तिसऱ्या फेऱ्यालाच थांबेल. आणि सहहमीदार लागला तर तोही अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला लागतो. इंदापूरचे सावकार, पतसंस्थेचे चेअरमन, दोन-दोन जामीनदार, सगळे बाद.

मग पैसे जातात कुठे? भिगवण रोडच्या लॉनवर जातात. साखरपुड्याला वेगळं लॉन, हळदीला वेगळे कपडे, लग्नाला वेगळी कमान. त्याआधी कुंभारगावला उजनीच्या पाण्यावर प्री-वेडिंग शूट. ड्रोन वर, फ्लेमिंगो मागे, मध्ये ही दोघं नावेत. फ्लेमिंगोंचं बरं असतं. तेही सहकुटुंब येतात, हंगाम संपला की सहकुटुंब जातात, आणि बँकेचं स्टेटमेंट कोणी मागत नाही. लग्नाला पाच हजार पान उठतं. एवढ्या साक्षीदारांसमोर झालेल्या लग्नाची ग्रामसेवकाकडे नोंद करायला चार महिन्यांनी धावपळ होते, कारण वकिलातीला जेवणावळीचा व्हिडिओ नको असतो, दाखला हवा असतो. दाखल्यावर नवरीचं नाव एक, पासपोर्टवर दुसरं, बारावीच्या गुणपत्रिकेवर आईने हाक मारायचं तिसरं. मग नोटरी, मग प्रतिज्ञापत्र, मग एक खेप आणखी.

एका दिवसाच्या मांडवाला जेवढे गेले तेवढे मुलाच्या खात्यात साखरपुड्याच्या दिवशी टाकले असते तर लग्नापर्यंत सहा महिन्यांची अट आपोआप भरत आली असती. हे सुचवून पाहा. दोन्ही व्याही पहिल्यांदाच एकमुखाने तुमच्यावर धावून येतील.

नवी तऱ्हा आणखी गोड आहे. 'आम्हाला हुंडा-बिंडा काही नको, आम्ही त्यातले नाही. फक्त पोरीच्या व्हिसाचं आणि तिकिटाचं तुम्ही बघा, शेवटी तुमचीच लेक आहे.' बघितलंत? १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा आहे, लग्नाच्या निमित्ताने मागितलेली रक्कम म्हणजे हुंडा असं त्यात लिहिलंय, आणि आपण त्या रकमेला व्हिसाचा शिक्का मारून विमानात बसवलं. पूर्वी मोटरसायकल मागायचे, मग चारचाकी. आता आरोग्य अधिभार मागतात. नवरा पौंडात कमावतो आणि त्याच्या देशात शिरायचा खर्च उसाच्या बिलातून निघतो. परकीय गुंतवणूक म्हणतात ती हीच, फक्त दिशा उलटी.

हे सगळं चालू असतं तेव्हा याच रस्त्यांवरून दुसरी जोडपी येत असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला बीडकडून, अहिल्यानगरकडून ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या उतरतात. कारखान्याच्या आसपास, शिवारात कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि मुकादमाला अर्धा नको असतो. इथे जोडीदाराला सोबत आणायची परवानगी लागत नाही, सक्ती असते. आर्थिक तयारीही असते: हंगामाच्या आधी घेतलेली उचल. ती फेडण्यासाठी दोघांनी पहाटेपासून तोडायचं आणि नाही फिटली तर पुढच्या हंगामाला पुन्हा यायचं. पूर्ण कोयता व्हावा म्हणून हंगामाच्या तोंडावर कोवळ्या पोरींची लग्नं उरकली जातात, हे सर्वांना ठाऊक आहे आणि गव्हाणीत मोळी पडायची थांबत नाही. या जोडप्यांना बागायतदार त्यांच्या बँकेची शिल्लक विचारत नाही. त्यांनी तोडलेल्या उसाच्या बिलातून मात्र जावयाच्या देशाला शिल्लक दाखवायची असते. ब्रिटनने २९,००० ची अट घातली तेव्हा आपल्याकडच्या शिकल्यासवरल्यांनी 'गरिबाने संसारच करायचा नाही का' असा संताप व्यक्त केला. संताप रास्त होता. फक्त तो भवानीनगरच्या कोप्यांवरून जाताना गाडीच्या काचा वर करून व्यक्त करण्यात आला.

असो. लग्न झालं, नवरा रजा संपवून परत गेला, आणि 'व्हिसा आला की' हे नवं राज्य सुरू झालं. व्हिसा आला की नोकरीचं बघू. व्हिसा आला की मूल. तोवर सून सासरी, नोकरी सोडून, दहाच्या ठोक्याला व्हिडिओ कॉलसाठी केस नीट करत. अर्जाला काही महिने लागतात, कधी वर्ष, ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला त्याहून जास्त. या काळाची तरतूद कोणी करत नाही, कारण हा काळ येणार आहे हेच कोणी सांगितलेलं नसतं. तिने नोकरी व्हिसा हातात पडेपर्यंत धरून ठेवावी, एवढं साधं शहाणपण. पण 'सून अजून हिंजवडीलाच राहते' हे वाक्य सासूबाईंना हळदीकुंकवाला जड जातं. तिचे दागिने सासूच्या कपाटात, पदवीचे मूळ कागद सासऱ्याच्या ब्रीफकेसमध्ये, खातं नवऱ्यासोबत संयुक्त आणि त्याचा ओटीपी नवऱ्याच्या परदेशी नंबरावर. आर्थिक तयारी यालाच म्हणत असतील तर ती कोणाची, एवढंच विचारायचं आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८७ वा अहवाल दिला. अनिवासी भारतीयांशी होणाऱ्या लग्नांत फसवणूक वाढल्याची चिंता त्यात आहे, अशा प्रत्येक लग्नाची नोंदणी सक्तीची करा आणि पासपोर्टवर वैवाहिक स्थिती येऊ द्या, असंही त्यात आहे. अहवाल आल्यावर पुढे काय होतं, ते मी वाचकांना सांगण्याची गरज नाही. तोवर बापाने करायची तरतूद एकच: लेकीच्या एकटीच्या नावाने खातं, आणि त्यात परतीच्या तिकिटाचे व चार-सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे. मी हे एका बैठकीत बोलून पाहिलं. एक वयस्कर पाव्हणे म्हणाले, 'लग्नाआधीच परतीचं तिकीट? अशुभ बोलता राव.' त्यांच्या स्वतःच्या खिशात तेव्हा बारामतीच्या एसटीचं परतीचं रिझर्वेशन होतं, आणि ते त्यांनी दोनदा काढून बघितलं.

आणि समजा बाप खरोखरच दिलदार निघाला, म्हणाला जावयाला पंधरा लाख पाठवतो. पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. फक्त एप्रिल २०२५ पासूनचा नियम असा की दहा लाखांच्या वरच्या बक्षीस-रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापून घेते, म्हणजे वरच्या पाच लाखांवर एक लाख. घाबरू नका, तो परत मिळतो. आयकर विवरणपत्र भरलं की मिळतो. इथे बापाचा चहा घशात अडकतो, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने चाळीस वर्षांत तो त्या खिडकीकडे फिरकलेला नाही. आता तो पॅन कार्ड शोधतो, सातबारा, कारखान्याच्या पट्ट्या आणि सोसायटीचा उतारा पिशवीत भरून सीएकडे जातो. सीए म्हणतो, गेल्या तीन वर्षांची बिलं आणा, पंधरा लाख कुठून आले ते नीट मांडू. बिलं कोणाकडे असतात? त्याच्या स्वतःच्या मुलाकडे. मुलगा कुठे असतो? तो गेल्याच आठवड्यात कॅनडाचा एजंट बघायला पुण्याला गेलाय.